रायडिंग मोवरचं स्टिअरिंग ढिलं झालंय आणि गाडी डावीकडे ओढतेय. घरी दुरुस्त होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षं जुना रायडिंग मोवर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) आहे, स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नाहीत, सरळ चालवताना गाडी डावीकडे जाते आणि दुकानवाला नेण्या-आणण्यासकट ४०० डॉलर मागतोय.

घरी होईल. काही तडकलेलं नसेल आणि वेल्डिंगची वेळ आली नाही, तर एका शनिवारचं काम आहे. मी मेकॅनिक नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आहे. ओहायोत घर आहे, मागेपुढे मिळून पाऊण एकर गवत, आणि एप्रिल ते ऑक्टोबर ते कापण्यावाचून सुटका नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या मोवरला नेमकं हेच झालं होतं आणि मी ते आधी चुकीच्या टोकाने दुरुस्त करायला गेलो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुम्ही स्टिअरिंग म्हणता, म्हणजे गाडीला गोल चाक आहे असं धरतो. दोन दांडे पुढे-मागे करून वळवायची झीरो-टर्न गाडी असेल तर खालचं बहुतेक काही लागू नाही. तिथे प्रत्येक मागच्या चाकाला वेगळा हायड्रोस्टॅटिक पंप (तेलाच्या दाबाने चाक फिरवणारा) असतो. गाडी एका बाजूला जात असेल तर आधी टायरची हवा बघायची, मग मॅन्युअलमध्ये बघून दांड्यांचं ट्रॅकिंग जुळवायचं, म्हणजे दोन्ही चाकं सारखी धावतील असं करायचं.

आता पहिली गोष्ट. स्टिअरिंगला प्ले असणं (म्हणजे ते फिरवूनही चाकं न हलण्याइतका ढिलेपणा) आणि गाडी एकीकडे ओढणं हे दोन वेगळे आजार आहेत. एकाच वेळी झाले म्हणून त्यांचं कारण एकच असेल असं नाही.

ओढण्याचं आधी बघा, कारण त्याचा इलाज बऱ्याचदा फुकट असतो. पुढच्या दोन्ही टायरांची हवा मोजा. या टायरांना मोटारीच्या टायरांसारखी ३०-३५ पीएसआय हवा नसते. साधारण पुढे १४ आणि मागे १० च्या आसपास असते, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल आणि जास्तीत जास्त किती ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने भरायला जाऊ नका, एवढासा टायर दोन सेकंदांत प्रमाणाबाहेर फुगतो. आणि कमी दाबाचा वेगळा गेज घ्या, मोटारीच्या गेजवर १० आणि १४ मधला फरक धड कळत नाही. ज्या बाजूची हवा कमी त्या बाजूला गाडी ओढते, म्हणून तुमचा डावा पुढचा टायर हा पहिला संशयित. माझ्या टायरमध्ये बाभळीसारखा एक काटा बसला होता. हवा भरली की दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे.

हवा सारखी करूनही ओढत असेल तर चाकं सरळ धरून पुढून बघा. दोन्ही टायरांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मोजा आणि मागच्या कडांमधलं मोजा, दोन्ही वेळा धुऱ्याच्या उंचीवर. पुढचं अंतर मागच्यापेक्षा अगदी किंचित, दोन-तीन मिलिमीटर कमी असेल तर साधारण ठीक. फरक बोटभर असेल तर काहीतरी वाकलंय. बहुतेक वेळा तो टाय रॉड असतो, म्हणजे दोन पुढच्या चाकांना जोडणारी आडवी सळई. झाडाच्या वर आलेल्या मुळाला किंवा फुटपाथच्या कडेला एकदा जोरात धडक बसली की ती वाकते आणि आपल्याला आठवतही नाही. मलाही आठवली नव्हती, बायकोला आठवली.

आता प्ले. इथेच माझे पैसे वाया गेले, म्हणून इथे थांबून सांगतो.

हातातल्या चाकापासून जमिनीवरच्या चाकापर्यंत अशी साखळी असते: स्टिअरिंग, त्याखालचा उभा दांडा, दांड्याच्या तळाला छोटा पिनियन गिअर, त्यात अडकलेला सेक्टर गिअर, त्यापासून निघालेल्या एक किंवा दोन लिंका (जोडसळया), मग चाकांचे स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते खुंट. सेक्टर गिअर म्हणजे भाकरीचा चतकोर डोळ्यांसमोर आणा. गोल कडेला दात आणि टोकाला बोल्ट, ज्याभोवती तो फिरतो. साखळीतली कुठलीही कडी झिजली तरी वर बसलेल्या माणसाला एकच गोष्ट जाणवते, स्टिअरिंग ढिलं.

इंटरनेटवर जो तो सांगतो की सेक्टर गिअर झिजला असणार. खोटं नाही, पुष्कळ गाड्यांत तोच झिजतो, कारण तो पत्र्यातून कापलेला असतो आणि सगळा भार मधल्या चार-पाच दातांवर येतो. मी काही न बघता तो मागवला. पूर्ण दुपार गाडीखाली घालवून जुना काढला, तर त्याचे दात नव्यासारखे! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खरा चोर होता उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश, म्हणजे दांडा ज्यात बसून फिरतो ती नळी. तो झिजून गेला होता, त्यामुळे दांडा तिरका व्हायचा, पिनियन सेक्टरपासून दूर सरकायचा आणि जोर लावला की कट-कट करत दात सोडायचा. बुश आला सहा डॉलरला.

म्हणून पाना हातात घेण्याआधी हे करा. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा, पार्किंग ब्रेक लावा, किल्ली काढून खिशात ठेवा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा. घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवा आणि स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायला सांगा, अगदी थोडं, पण सतत. तुम्ही टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे व्हा आणि वरून खाली एकेक जोड बघत या. हालचाल एका जोडापर्यंत येते आणि पुढे जात नाही, असा एक जोड सापडतोच. चाकं जमिनीवर टेकलेली असतानाच हे करायचं. उचलून केलं तर भार जातो, सगळं गुळगुळीत फिरतं आणि दोष लपतो. माझी पहिली चूक तीच होती, मी जॅकवर चढवून तपासत बसलो होतो.

काय दिसेल त्यावर पुढचं ठरतं. स्टिअरिंग फिरतंय पण दांडा फिरत नाही, तर स्टिअरिंगच्या मधल्या टोपणाखालचा बोल्ट सैल झालाय किंवा त्याच्या प्लास्टिकच्या खाचा घासल्या आहेत. दांडा फिरतोय पण जाग्यावर डुलतोय, तर बुश. पिनियन फिरतोय आणि सेक्टर उशिरा हलतोय, तर एक तर दात गेले किंवा सेक्टर ज्याभोवती फिरतो तो बोल्ट ढिला झालाय. हा बोल्ट आधी आवळून बघा, कधी कधी तेवढ्यावरच भागतं. काही मॉडेलांत सेक्टर पिनियनजवळ सरकवायला लांबट भोक दिलेलं असतं, तिथे तर नवीन पार्टही लागत नाही. सेक्टर हलतोय आणि लिंक नुसती खुळखुळतेय, तर बॉल जॉइंट (लिंकेच्या टोकांचे फिरते सांधे) झिजले. हे सगळ्यात सोपं काम, दोन नट आणि दहा मिनिटं.

शेवटी चाकांकडे या. आता पुढचा एक्सल मधोमध जॅक लावून उचला, खाली भक्कम स्टँड द्या आणि मागच्या चाकांना पाचर लावा. चाक वरून-खालून धरून हलवा. नुसतं चाकच लडबडत असेल तर चाकातले बुश गेलेत. ते बदलायला बाहेरची टोपी काढायची, मग ई-क्लिप (खुंटावर अडकवलेली E आकाराची क्लिप), वॉशर आणि चाक ओढून घ्यायचं. ई-क्लिप काढताना वर फडकं धरा. माझी पहिली उडाली ती अजून गॅरेजमध्येच कुठेतरी आहे. वॉशर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. चाक घट्ट असून स्पिंडलच एक्सलच्या भोकात डुलत असेल तर काम मोठं आहे, भोक लांबट झालेलं असतं. एक्सल ज्या मधल्या बोल्टवर झोके घेतो तोही बघा. एक्सल वर-खाली डुललाच पाहिजे, त्यासाठीच तो तसा लावलेला असतो, पण पुढे-मागे सरकता कामा नये. याच वेळी फ्रेमवर, विशेषतः सेक्टरचा बोल्ट जिथे बसतो त्या पट्टीवर, तडा आहे का ते नीट बघा. तडा असेल तर मात्र दुकानवाल्याचे ४०० डॉलर महाग नाहीत.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण स्टिअरिंग ढिलं असूनही वळवताना जड जातं का? तसं असेल तर ग्रीस. दोन्ही स्पिंडलला सहसा एकेक ग्रीस निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असतो आणि बहुतेकांनी तो जन्मात पाहिलेला नसतो. साधारण दर २५ तासांनी ग्रीस द्यायला सांगतात, मी सीझनमध्ये दोनदा देतो. गनने दाबत राहा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. गिअरच्या दातांना मात्र अगदी बोटभरच लावा, जास्त लावलंत तर गवताचा भुसा चिकटून त्याचा गोळा होतो आणि दात आणखी लवकर घासतात.

मागे गवताच्या पिशव्या लावत असाल तर आणखी एक. पिशव्या ओल्या गवताने भरल्या की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच घसरत जाते. हा स्टिअरिंगचा दोष नाही. पिशव्या अर्ध्यावर रिकाम्या करा किंवा पुढे वजन लावा, त्यासाठीची वजनं मिळतात.

पार्ट मागवताना कंपनीचं नाव आणि 'बेचाळीस इंची' (म्हणजे कापण्याची रुंदी) एवढ्यावर भागत नाही. सीट उचला, बहुतेक गाड्यांत खाली मॉडेल नंबरचं स्टिकर असतं, तो आख्खा नंबर टाका. सेक्टर खरंच गेला असेल तर पिनियनही बदला. झिजलेल्या पिनियनवर नवा सेक्टर बसवला तर वर्षभरात पुन्हा तिथेच याल. सेक्टर काढताना काही गाड्यांत बॅटरी आणि तिचा ट्रे आधी बाहेर काढावा लागतो, तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिल्यांदा सोडवा. गाडी आडवी किंवा उभी करून काम करणारे व्हिडिओ दिसतील. त्यांच्या नादी लागू नका, तेल आणि पेट्रोल नको तिथे जातं आणि गाडी अंगावर यायची भीती वेगळीच.

हे सगळं होईपर्यंत उतारावर आणि तळ्याच्या किंवा नाल्याच्या कडेला गवत कापू नका, वाढू दे आठवडाभर. पाव फेरा प्ले असलेली गाडी उतारावर वेळेत वळत नाही.

जोडणी झाली की ब्लेड बंद ठेवून मोकळ्या जागी इंग्रजी आठच्या आकारात दोन-चार चकरा मारा. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिंक कुठे घासत नाही ना, ते बघा. मग दोनेक तास गवत कापून झालं की सेक्टरच्या त्या बोल्टचा नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. माझा पहिल्याच दिवशी अर्धा फेरा सैल झाला होता.