उंचावर वर्षानुवर्षं राहिल्यास मेंदूच्या रक्तप्रवाहावर काय परिणाम होतो?

रक्तप्रवाह आधी वाढतो, मग हळूहळू खाली येतो.

उंचावर पोचल्यावर रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. उलट, श्वास जोरात चालल्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याच वाहिन्या आकसू पाहतात. या ओढाताणीत सुरुवातीला रुंदावणं वरचढ ठरतं. १९६०च्या दशकात ३,८१० मीटरवर घेतलेल्या मोजमापांत पहिल्या काही तासांत प्रवाह सुमारे २४ टक्के वाढला होता. तीन ते पाच दिवसांत ही वाढ १३ टक्क्यांवर आली. पुढच्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढतं, तेवढ्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन पोचतो आणि प्रवाह जवळपास पूर्वपदावर येतो.

पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहणाऱ्यांचं चित्र मात्र एकसारखं नाही, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अँडीज पर्वतातल्या लोकांचं हिमोग्लोबिन बरंच जास्त असतं, रक्त दाट असतं आणि मेंदूकडचा प्रवाह समुद्रसपाटीवरच्या माणसांपेक्षाही कमी भरतो. तिबेटी लोकांत ईपीएएस१ या जनुकाच्या वेगळ्या रूपामुळे हिमोग्लोबिन फारसं चढत नाही. रक्त पातळ राहतं, प्रवाहही तुलनेने चांगला राहतो.

काहींमध्ये हिमोग्लोबिनची वाढ प्रमाणाबाहेर जाते: पुरुषांत २१, स्त्रियांत १९ ग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त. डोकेदुखी, कानात आवाज, झोपमोड ही त्याची लक्षणं. तुम्ही उंचावर राहत असाल आणि हा त्रास होत असेल, तर थकवा समजून अंगावर काढू नका, हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांना दाखवा. खाली राहायला आल्यावर ते सहसा उतरतं.