खानदेशातून कोल्हापुरात आल्यावर गावाकडच्या जेवणाची फार आठवण येते. तुम्ही काय करता?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे धुळ्याहून कोल्हापुरात येऊन सहा महिने झाले. इथलं जेवण आवडतं, माणसं प्रेमाने वाढतात, तरी रविवार आला की शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी आठवून जीव कासावीस होतो. इथे जुने झालेले खानदेशी लोक काय करतात, असं तुम्ही विचारलंय. मी यावल तालुक्यातली. मिस्टरांची नोकरी शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत. २००४ साली लग्न झालं आणि इथे आले, तेव्हापासून इथेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोक म्हणतात, "परराज्यात कुठे गेलात, महाराष्ट्रातच तर आहात." मला ते कधी पटलं नाही. परराज्यात सगळंच वेगळं असतं, तिथे माणूस तयारीने जातो. इथे शब्द आपलेच असतात आणि ताटात भलतंच येतं. पहिल्या आठवड्यात आमच्या घरमालकीण आक्का म्हणाल्या, "थांब, वाटीभर चटणी आणून देतो तुला." (इथल्या बायका 'देतो', 'येतो', 'जातो' असंच बोलतात, तुमच्या कानावर आलंच असेल. मला ते ऐकायला फार गोड वाटतं.) मी शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी येईल म्हणून भाकऱ्या टाकून बसले. आली ती लालभडक पूड. इथे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या आणून वर्षाची कुटून ठेवतात आणि आमटीपासून रश्श्यापर्यंत सगळ्यात तीच पडते. भरिताचंही तसंच. इथे भरीत म्हटलं की पुष्कळ घरांत कच्चा कांदा आणि दही घातलेलं येतं. ते चांगलं लागतं, पण मनात जे भरीत असतं ते ते नव्हे.

भरिताचंच आधी सांगते, कारण त्यासाठी मी सगळ्यात जास्त हट्ट केला.

आमच्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य झाला की वांगी खायला मोकळीक. मग थंडीभर शेतात भरीत-पार्ट्या. वांगं बामणोदकडचं, फिकट हिरवं, पातळ सालीचं, आत बिया जवळजवळ नाहीतच. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर ते भाजायचं, म्हणजे साल करपतं आणि धूर गरात उतरतो. साल काढून गर बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, घालायचा आणि लाकडी मुसळीने ठेचायचा. तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण कोल्हापूरकर वाचत असतील तर त्यांना कळावं म्हणून लिहिलं.

इथे पहिल्या थंडीत मी कपिलतीर्थ मार्केटमधून मोठी जांभळी वांगी आणून गॅसवर भाजली. बिया दाताखाली आल्या आणि धुराचा वास नावालाही नव्हता. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं, कृष्णाकाठची वांगी घ्या, त्यांच्यासारखी चव नाही. घ्यायला गेले तर भाजीवाल्या मावशीच म्हणाल्या, "वैनी, ही भरून करायची. भाजायची न्हवंत." त्यांचं बरोबर होतं. नरसोबाच्या वाडीकडची ती काटेरी वांगी भरून केली तर बोटं चाटत बसाल. भाजली तर हातात चमचाभर गर येतो.

मग मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बियाणं पाठवायला सांगितलं. आक्कांच्या दिरांचं शेत पंचगंगेकाठी. त्यांनी उसाच्या कडेला दोन सऱ्या मला दिल्या. रोपं जोमात आली, फळंही धरली, रंगही आपलाच. पण साल जाड आणि गर पाणचट. त्यांच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नाना फोनवर म्हणाले, "तुला तेव्हाच सांगायचं होतं. बी पोस्टानं येतं, जमीन येत नाही." त्या दिवसापासून मी वांगी इथे पिकवायचा नाद सोडला आणि आणायला लागले. माझा अनुभव सांगायचा तर आठवण पदार्थाची येते असं आपल्याला वाटतं, पण अडतं ते कच्च्या मालाशी. कृती आपल्या हातात असते, ती कुठेही येते. म्हणून तुम्ही कृतीच्या मागे लागू नका. कुठली वस्तू तिकडूनच यायला हवी आणि कुठली इथे मिळते, याची यादी करा. माझी यादी बनायला दहा-बारा वर्षं लागली.

ज्वारी इथे मिळते. आपली दादर मिळत नाही, पण इथला शाळू घ्या, लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात मिळतो. कळण्याला तो चालतो. एक किलो शाळूला पाव किलो अख्खे काळे उडीद आणि थोडं जाडं मीठ एकत्र करून दळायचं. खरी अडचण गिरणीत येते. माझ्या पेठेतल्या गिरणीवाल्या काकांनी पहिल्यांदा सरळ नाही म्हटलं. उडीद दगडाला धरतो आणि मागच्या गिऱ्हाइकाच्या पिठात वास उतरतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी म्हटलं, काका, मग रात्री गिरणी बंद करायच्या आधी शेवटचं दळण माझं घ्या, आणि नंतर दगड साफ करायला दोन मुठी ज्वारी माझीच टाका. तेव्हा तयार झाले. तुम्हीही असंच विचारा, कुणी अडवणार नाही. पुढच्या वेळी मी त्यांच्या घरी दोन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल असं पाठवलं. इथे ठेच्याला खरडा म्हणतात, त्यामुळे ती खमंग जोडी त्यांना परकी वाटली नाही. आता त्यांच्या घरीही थंडीत कळणा दळला जातो. भाकरी थापताना मात्र पीठ शाळूचं आहे हे लक्षात ठेवा. पाणी कोमट घ्या आणि मळायला आळस करू नका, नाहीतर कडा फाटतात.

शेवभाजीचं दुखणं वेगळं. मसाला तिकडून आणता येतो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, धणे, दगडफूल असलेला आपला काळा मसाला कोरडा असतो, बरणीत महिनोन्‌महिने टिकतो. कांदा-लसूण मसाल्यात शेवभाजी करू नका. भाजी छान होते, पण ती मिसळीच्या कटाकडे जाते, आणि मग आठवण आणखीच वाढते. शेव मात्र इथली नको. इथल्या फरसाणातली शेव मिसळीसाठी, भडंगासाठी आणि भेळेसाठी असते, खुसखुशीत आणि हलकी. रश्श्यात घातली की दोन मिनिटांत तिचा लगदा होतो. आपल्याला जाड, तिखट आणि कडक शेव लागते. घरी करायची तर बेसनात सोडा अजिबात नको, मोहन अगदी बेताचं, आणि सोऱ्याला जाड चकती. तरीसुद्धा ती पानात वाढतानाच रश्श्यात घाला, कढईत नको.

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, प्रयोग मी एकदाच केला. ज्वारी तीन दिवस भिजवली, वाटली, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवली आणि आक्कांच्या गच्चीवर जुन्या धोतरावर पसरली. एप्रिलचा शेवट होता. यावलला त्या दिवसांत डोळे उघडवत नाहीत इतकं ऊन असतं, दुपारपर्यंत बिबडे कडकडीत वाळतात. इथे दुपारी तीनला पश्चिमेकडून ढग आले आणि वळीव आला. मी आणि आक्का धोतराची चार टोकं धरून जिन्यात पळालो, तरी सगळं भिजलं. मी रडले, खोटं कशाला सांगू. आईने महिनाभर आधी मला फोनवर माप सांगितलं होतं, आणि पुढच्या वर्षी माप सांगायला ती नव्हती. बिबडे आता दरवर्षी वहिनी करून पाठवते. मे महिन्यात कोल्हापुरात वाळवण घालायचं तर सकाळी दहाच्या आत घाला आणि आकाशाकडे लक्ष ठेवा.

आता गुऱ्हाळाची गोष्ट. तुम्हाला उत्तर लिहायला बसले ती खरं तर याच गोष्टीसाठी. काड्यांचा धूर कुठून आणायचा, हा माझा प्रश्न होता. शहरात काड्या पेटवायला जागा नाही आणि इथे कपाशी नाही. एका डिसेंबरात माहेराहून येताना मी पाच किलो वांगी आणली होती. ती बघून आक्काच म्हणाल्या, "चिपाडावर भाज की. आमच्या भाऊजींचं गुऱ्हाळ चालू हाय." दुसऱ्या दिवशी आम्ही वांगी घेऊन गुऱ्हाळावर गेलो. चरकातून निघालेली चिपाडं वाळवून चुलवाणात घालतात, त्यावर काहिलीत रस उकळत असतो. चिपाडाचा जाळ अगदी आपल्या काड्यांसारखा, भसकन पेटतो आणि पटकन बसतो. काहील उतरल्यावर आम्ही चुलवाणाच्या तोंडाशी वांगी मांडली आणि जाळ घालणाऱ्या पोराने उलथनं माझ्या हातात न देता स्वतःच ती फिरवली. सालं तडकली तेव्हा जो वास आला, तो मी तब्बल नऊ वर्षांनी घेत होते. धुराला उसाचा किंचित गोडसर वास होता, तेवढाच फरक.

बडगी नव्हती. आक्कांनी परात दिली आणि वरवंट्याने ठेचलं. फोडणी तिथेच, गुऱ्हाळावरच्या स्टोव्हवर. कळण्याच्या भाकऱ्या मी घरून करून नेल्या होत्या. गुळव्याने पहिला घास खाल्ला आणि विचारलं, "ह्यात दही न्हाई व्हय?" दुसऱ्या घासाला काही बोलला नाही. तिसऱ्या भाकरीला हात घातला तेव्हा मला जे वाटलं, ते शब्दात सांगता येत नाही. नाना तेव्हा होते. संध्याकाळी फोन लावून त्यांना सगळं ऐकवलं, तर ते एवढंच म्हणाले, "पाच किलो कसे पुरले असतील तुला? पुढच्या वर्षी दहा ने." तेव्हापासून दर थंडीत आम्ही जातो. भरीत खाऊन वर त्यांच्याकडची ताजी काकवी भाकरीशी खातो. ही जोडी खानदेशात कुणी खाल्ली नसेल, आणि मला ती आता हवीच असते.

काही गोष्टी मी इथे करायचा प्रयत्नच सोडला. खापरावरचे मांडे त्यातले. खापर आणता येतं, पण पुरणाचा मांडा हातावर वाढवत नेणारे हात आणायचे कुठून? ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊनच खाते, आमरसाबरोबर. कानबाईचे रोटही तसेच, ते भाऊबंदांनी मिळूनच खायचे असतात, एकट्या घरात करून त्याला अर्थ नाही. यांची आठवण येते तेव्हा मी येऊ देते.

तुमच्या यादीची सुरुवात करून देते. तिकडून आणायचं: काळा मसाला, जाड शेव, बिबडे, दादर मिळाली तर पाच किलो, आणि हंगामात वांगी. इथे घ्यायचं: उडीद, शेंगदाणे, लसूण, कांद्याची पात, शाळू. गूळही इथलाच घ्या, त्याला स्वतःचं मानांकन आहे, आणि खीर करून बघितल्यावर तुम्ही माहेरच्यांना इथूनच पाठवायला लागाल. खिचडीला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ वापरून बघा, आपली तुरीच्या डाळीची खिचडी त्यात वेगळ्याच वासाची होते. वर कच्चं तेल आपल्या पद्धतीनेच घ्या.

आणायची सोय आहे. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशी येते. धुळ्याहून तुम्हाला चाळीसगाव जवळ. संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी इथे. वांगी प्लास्टिकच्या पिशवीत कधीच भरू नका, घाम सुटून डाग पडतात. टोपली किंवा भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, प्रत्येक वांगं देठासकट वर्तमानपत्रात गुंडाळा आणि खोका सीटखाली ठेवा, पण वर दुसरं सामान रचू नका. घरी आल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नका. तीन दिवसांच्या आत भाजा. डिसेंबर-जानेवारीत आणणार असाल तर आधी इथे खाली लिहा, मी आक्कांच्या भाऊजींना गुऱ्हाळ कधी चालू आहे ते विचारून ठेवते. मुसळी तेवढी आणा, बडगी मी मागच्या वर्षी आणली आहे.