वीज कोळशाचीच असेल तर इलेक्ट्रिक गाडी घेऊन पर्यावरणाचा खरंच काही फायदा होतो का?

होतो, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही, आणि सगळ्यांचा तर नाहीच नाही.

मी ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहतो, ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला. आधी पेट्रोल गाडी होती, आता दोनेक वर्षं ईव्ही आहे. घेतली तेव्हा सोसायटीतल्या एका काकांनी अगदी तुमचाच प्रश्न विचारलेला, "धूर घोडबंदरला नाही तर चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रातून निघणार, फरक काय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, मग एका रविवारी बसून हिशोबच केला.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. माझी जुनी गाडी माजिवडा-कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये 12 च्या वर अॅव्हरेज द्यायचीच नाही, म्हणजे किलोमीटरला 190 ग्रॅम (पेट्रोल रिफायनरीत बनवायला, पंपापर्यंत आणायला जे जळतं ते यात धरलेलंच नाही). आपल्या ग्रीडवर (सगळ्या वीजकेंद्रांची वीज एकत्र येते ते जाळं) एका युनिटमागे साधारण 0.7 किलो निघतो आणि चार्जिंगमध्ये वाया जाते ती वीज धरून माझी गाडी युनिटला 6 किमी जाते, म्हणजे झाले 120 ग्रॅम. तर काकांचं अर्धं बरोबर होतं, धूर चंद्रपूरला जातोच, फक्त कमी जातो. आणि ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की पेट्रोलचं इंजिन नुसतंच जळत बसतं, ईव्हीत एसीपुरतीच वीज जाते, वर ब्रेक मारला की थोडी परत बॅटरीत येते, त्यामुळे घोडबंदरसारख्या रोडवर हा फरक जास्तच दिसतो.

आता खरी गोम बॅटरीची. 30 युनिटची बॅटरी बनवतानाच दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, म्हणजे गाडी शोरूममधून निघते तीच कर्ज डोक्यावर घेऊन. किलोमीटरला 70 ग्रॅम वाचवत हे फेडायचं तर तीस-चाळीस हजार किमी चालवावी लागते. माझं वर्षाला 12 हजार होतं, म्हणजे तीन वर्षं. तुमचं रनिंग महिन्याला 200 किमी असेल तर पंधरा वर्षं लागतील, मग काय अर्थ आहे, त्यापेक्षा आहे ती गाडी नीट सर्व्हिसिंग करून वापरा!

काही बॅटऱ्यांना लागणाऱ्या कोबाल्टच्या खाणींमुळे होणाऱ्या नुकसानाचं म्हणाल तर तो प्रश्न खराच आहे, पण एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत कोबाल्ट नसतोच, घेताना तेवढं विचारून घ्या. टायर झिजून उडणारी धूळ मात्र ईव्हीलाही सुटत नाही, उलट गाडी जड असते. जमलं तर दुपारी चार्ज करा, तेव्हा ग्रीडवर सोलरची वीज असते. मला सुट्टीच्या दिवशीच जमतं, कारण सोसायटीत चार्जिंग पॉइंट एकच आणि नंबर लावणारे सहा जण.

आणि खरं सांगू का, ठाणे-वाशी लोकलने ऐरोलीला गेलो तर या दोन्ही गाड्यांपेक्षा कितीतरी कमी प्रदूषण होईल, पण कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला सकाळी नऊ वाजता पोचून दाखवा!