वार सुटून पहिलं बाळ गेलं. आता पुन्हा दिवस गेलेत, भीती कशी आवरायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की 32व्या आठवड्यात वार सुटली, म्हणजे बाळ जन्मायच्या आधीच ती गर्भपिशवीच्या भिंतीपासून निघाली, सीझर झालं, बाळ राहिलं नाही. आता सातवा आठवडा चालू आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, सासूबाई म्हणतात पाचवा लागेपर्यंत कुणाला बोलू नको, आणि तुम्हाला झोप नाही. माझं 2016 साली हेच झालं. मुलगा होता. 2019 मध्ये मुलगी झाली. मी डॉक्टर नाही, मिरजेत शाळेत शिकवते, तेवढं धरून वाचा.

पहिलटकरीण म्हणून मी सातव्यात ओटी भरून माहेरी गेले, जत तालुक्यात. शेवटच्या तपासणीला बीपी 150/100 होतं. मीठ कमी करा म्हणाले. मी लोणचं सोडलं आणि आपण काहीतरी केलं या समाधानात राहिले. त्या रात्री आधी पाठ भरून आली. आईला वाटलं वात, काकूने तेल चोळलं. तासाभरात पोट पाट्यासारखं कडक झालं, मधे सैल पडेचना. अंगावर गेलं ते जेमतेम रुमालभर, म्हणून सगळे निर्धास्त. रक्त बाहेर थोडं आलं म्हणजे आत थोडं साचलंय असं नसतं, हे मिरजेत पोचल्यावर कळलं. जीप, दोन तासांचा रस्ता, रक्ताच्या चार पिशव्या. मी वाचले.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी पहिली गोष्ट ठरवली ती रक्तपेढी असलेल्या दवाखान्यापासून किती मिनिटांवर राहायचं ही. बाकी सगळं त्याच्यानंतर. आईला वाईट वाटलं, पण बाळंतपणाला माहेरी गेले नाही. आईच दोन महिने माझ्याकडे येऊन राहिली. 108ला फोन करायचा की शेजारच्यांची गाडी काढायची, रक्त द्यायला कोण येईल, हे नवऱ्याने कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. तो कागद बघूनच मला निम्मं बरं वाटायचं.

तुम्ही आज करण्यासारखं काम म्हणजे जुनं डिस्चार्ज कार्ड शोधणं. आमच्या घरात सगळे 'वार खाली होती' म्हणायचे, आणि मीही नव्या डॉक्टरांना तेच सांगितलं. खाली असणं म्हणजे वार पिशवीच्या तोंडाशी असणं, ते वेगळं, सुटणं वेगळं. कार्डावर स्पष्ट अब्रप्शन, म्हणजे वार सुटणं, लिहिलेलं निघालं, त्यावरून पुढची सगळी आखणी बदलली. तुमच्या कार्डावर बीपी किती होतं, पिशवीवरचा छेद आडवा की उभा, रक्तगट निगेटिव्ह आहे का, हेही बघा.

आकडा मी हट्टाने विचारला. एरवी वार सुटणं शंभरात एखादीला होतं, कदाचित त्याहूनही कमी. एकदा झालेल्या बाईला पुन्हा होण्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के सांगतात. म्हणजे शंभरातल्या 85 जणींची वार तरी पुन्हा सुटत नाही. 'काळजी करू नका' यापेक्षा मला हा हिशोब जास्त झोप देऊन गेला.

बाराव्या आठवड्याच्या आतच डॉक्टरांना ॲस्पिरिनच्या छोट्या गोळीबद्दल विचारा. मला बाराव्यापासून छत्तिसाव्यापर्यंत रोज रात्री एक होती. ती मुळात बीपीचा आजार होऊ नये म्हणून. वार सुटणं ती थांबवेलच असं नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं. स्वतःच्या मनाने घेऊ नका. घरी बीपीचं मशीन आणा, वहीत लिहीत जा. आणि मिशरी लावत असाल तर सांगून टाका. मी लावायची. शाळेतल्या बाईंनी हे कसं सांगायचं म्हणून पहिल्या खेपेला बोलले नव्हते. तंबाखूने वारेचा रक्तपुरवठा आवळला जातो.

मला धक्का बसला तो मात्र दुसरीकडूनच. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत या वेळी वार खरोखरच खाली निघाली! सुटायची भीती बाळगून बसलेली मी, आणि हे नवीनच. त्या वेळी खाली दिसणाऱ्या वारेपैकी दहातल्या नऊ पुढे वर जातात. वार चालत नाही, पिशवीचा खालचा भाग वाढतो आणि वार तोंडापासून लांब जाते. पण आधी सीझर झालेल्या बाईची वार तोंडावरच राहिली आणि जुन्या व्रणावर बसली, तर ती पिशवीच्या भिंतीत रुतण्याचा धोका असतो. एका सीझरनंतर अशा शंभर जणींत साधारण 11 जणींना. ते प्रकरण जड असतं, रक्त खूप जातं, कधी पिशवीही काढावी लागते. म्हणून 'वार पुढे आहे की मागे, व्रणापासून किती लांब' हे सोनोग्राफीवाल्यांना तोंडावर विचारा. माझी मागे होती, बत्तिसाव्याला वर गेलेली दिसली. सदतिसाव्याला ठरवून सीझर केलं.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, 2016 पासून चालू आहे. जोखमीची केस म्हणून कार्डावर नोंद करून घ्या.

पोट कडक होऊन सैल पडत नसेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, थेंबभरही रक्त गेलं असेल, तर तेल-शेक काही नको. निघायचं.

सासूबाईंचं म्हणाल तर माझ्याही तशाच. दोहाळजेवण मी नाही म्हटलं, एक झबलंही आणू दिलं नाही. सातव्यात त्यांनी एका सकाळी स्वयंपाकघरातच गुपचूप नारळाने ओटी भरली आणि काही न बोलता भाकरी थापायला बसल्या. गेलेल्या बाळाचं नाव त्यांनी कधी काढलं नव्हतं. मला वाटायचं, विसरल्या. नव्हत्या.

आणि झोप. पहिल्या खेपेला 33 आठवडे आणि 2 दिवसांनी घात झाला होता. या खेपेला तो दिवस उलटला, त्या दुपारी वह्या तपासता तपासता खुर्चीतच डोळा लागला. आईने उठवलं नाही.