माळ्यावरचा स्पेक्ट्रम आणि हाताला लागेल तो अडॅप्टर

प्रश्न : मामांच्या माळ्यावर रबरी कळांचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक सापडला, ४८ के मेमरीचा. तीसेक वर्षं तरी कुणी हात लावलेला नाही. सोबत त्याचा अडॅप्टर नाही. घरात ९ व्होल्टचे तीन-चार अडॅप्टर पडून आहेत, त्यातल्या एकाची पिन अगदी चपखल बसते. लावून बघू का? आणि बंद असेल तर दुरुस्त होतो का?

उत्तर : लावू नका. हे पत्र पाठवून तुम्ही थांबला असाल अशी आशा करतो.

पिन बसली म्हणजे सोयरीक जमली असं नाही. स्पेक्ट्रमला लागणाऱ्या पिनेत आतला भाग ऋण आणि बाहेरची नळी धन असते. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांत नेमकं उलट. अडॅप्टरवर एक बारीक चित्र असतं, मध्ये टिंब, भोवती अर्धगोल, दोन्ही बाजूंना अधिक-उणे. ते भिंगातून बघा. मी पहिल्या स्पेक्ट्रमच्या वेळी बघितलं नव्हतं. अडॅप्टरवर ‘९ व्होल्ट’ ठळक दिसलं, तेवढ्यावर खोचला. या यंत्राला चालू-बंद करायचं बटणच नाही, पिन गेली की चालू. बारीकसा ‘टक्’ आवाज आला. एक ट्रान्झिस्टर आणि मेमरीच्या तीन चिप गेल्या, आणि त्यापायी माझे दोन रविवारही. म्हणजे वर्षानुवर्षं धूळ खाऊन जे बिघडलं नव्हतं, ते मी सेकंदभरात बिघडवलं.

एवढं नाजूक का, ते समजून घ्या, म्हणजे पुढची खटपट डोळसपणे होईल. १९८२ साली हे यंत्र आलं तेव्हा त्यातल्या खालच्या १६ के मेमरीसाठी ४११६ नावाच्या आठ चिप वापरल्या. या चिपांना एका व्होल्टेजवर भागत नाही. अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५, असे तिघे लागतात. अडॅप्टर देतो फक्त ९. त्यातून ५ व्होल्ट काढतो ७८०५ हा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग), ज्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा मोठा पत्रा असतो. बाकीचे दोन व्होल्टेज एक छोटी कॉइल आणि तिला भराभर झटके देणारा टीआर४ हा ट्रान्झिस्टर तयार करतात. उणे ५ गायब झालं आणि १२ चालू राहिलं, की चिपा मरतात. चिप शॉर्ट झाली की ती टीआर४ लाही घेऊन बुडते. मागच्या कनेक्टरला चालू यंत्रात काही लावलं-काढलं तरी हाच ट्रान्झिस्टर जातो. तेव्हा मागे जे काही खोचायचं ते वीज तोडूनच.

आता उघडायला घ्या. तळाचे पाच स्क्रू काढा, पण वरचं झाकण झटक्यात उचलू नका. कीबोर्डच्या पडद्यापासून (कळांखालचं पातळ प्लास्टिक, मेम्ब्रेन) दोन पातळ पट्ट्या खाली बोर्डावरच्या सॉकेटांत गेलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्या वाळक्या पानासारख्या कडक झालेल्या असतात, दुमडल्या की तुटल्याच. झाकण बोटभर वर धरून पट्टी सॉकेटाजवळ पकडायची आणि सरळ वर ओढायची. तुटलीच तर जीव टांगणीला लावू नका, नवे पडदे आजही तयार होतात.

वीज लावण्याआधी मल्टिमीटरने ४११६ च्या कुठल्याही एका चिपवर १, ८ आणि ९ या पिना १६ नंबरच्या पिनेशी शॉर्ट नाहीत ना, ते बघा. इथे एक फसगत आहे. आपल्याला सवय असते १६ पायांच्या चिपमध्ये ८ नंबर जमिनीचा (ग्राउंड) आणि १६ नंबर पाच व्होल्टचा असण्याची. ४११६ मध्ये १६ ही जमीन आहे आणि ८ वर चक्क १२ व्होल्ट. काळा प्रोब सवयीने ८ वर टेकवलात तर सगळे आकडे भलतेच येतील.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारे नळकांडीसारखे भाग) सगळेच्या सगळे बदलावेत असं माझं मत. ‘चांगले असतील तर कशाला’ म्हणणारे आहेत, पण नंतर एकेक शोधत बसण्यापेक्षा एका बैठकीत उरकलेलं बरं. काढण्याआधी फोटो काढा, कुठली बाजू धन ते विसरायला होतं.

मग योग्य ध्रुवतेचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावा. मूळ अडॅप्टरवर १.४ अँपियर लिहिलेलं असे, तेवढी ताकद हवी. लगेच ४११६ वर मोजा : पिन १ वर उणे ५, ८ वर १२, ९ वर ५. उणे ५ दिसलं नाही तर क्षणभरही न रेंगाळता अडॅप्टरची पिन उपसा आणि टीआर४ कडे वळा.

व्होल्टेज ठीक असतील तर टीव्हीचा पडदाच बोलायला लागतो. चालू होताना काळ्या पडद्यावर बारीक लाल उभ्या रेघा चमकून जातात. तेव्हा यंत्र आपली मेमरी तपासत असतं. सगळ्या जागांवर २ हा आकडा भरतं, नंतर दोनदा एक वजा करून शून्य येतं का बघतं. मग पांढऱ्या पडद्यावर तळाशी कॉपीराइटची ओळ येते. दर आठव्या ठिपक्याला उभी रेघ अडकून राहिली, तर आठांपैकी एक चिप गेली समजा. प्रत्येक चिप बाइटमधला एकच बिट सांभाळते, म्हणून रेघांचं अंतर असं मोजून आठ. ती चिप काढताना तिचे पाय आधी कापून टाका आणि मग एकेक पाय उपसा. चिप मेलेलीच आहे, वाचवायचा आहे तो बोर्ड. जागी सॉकेट बसवा.

ओळ आली पण खेळ चढत नाहीत? प्रिंट पीक २३७३३ (PRINT PEEK, म्हणजे मेमरीच्या त्या जागेतला आकडा दाखव, ही बेसिक भाषेतली आज्ञा) टाइप करा. २५५ आलं तर पूर्ण ४८ के सुखरूप. १२७ आलं तर वरच्या ३२ के मध्ये सुरुवातीलाच घोटाळा आहे आणि यंत्र १६ के वर गुजराण करतंय.

टीव्हीचं थोडक्यात. मूळ जोडणी ॲनालॉग अँटेनाची, चॅनेल ३६. नव्या टीव्हीवर ती धरता येईलच असं नाही. अँटेनाचा सिग्नल तयार करणाऱ्या पत्र्याच्या डबीत (मॉड्युलेटर) जाणारी चित्राची तार डबीतल्या सर्किटपासून सोडवून थेट बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडली, की टीव्हीच्या व्हिडिओ इनपुटवर चित्र येतं. जुनी डबी मात्र फेकू नका.

प्रश्न : माझा स्पेक्ट्रम चालू होतो, पण १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस चालत नाहीत. बाकी सगळ्या कळा ठणठणीत. एकदम आठ कळा कशा बिघडल्या?

उत्तर : ताई, आठ नाही, एकच गोष्ट बिघडली आहे. तुमची यादी वाचून मला फार बरं वाटलं, कारण निदान तुम्हीच पाठवलंय. या ४० कळा म्हणजे आठ अर्ध्या रांगा, प्रत्येकीत पाच कळा. तुम्ही लिहिलेल्या आठही प्रत्येक रांगेच्या बाहेरच्या टोकाच्या, आणि त्या सगळ्या कीबोर्डच्या दोन पट्ट्यांपैकी पाच तारांच्या पट्टीतल्या एकाच रेघेवर आहेत. आठ तारांच्या पट्टीतली रेघ तुटली असती तर १ ते ५ अशा सलग पाच कळा गेल्या असत्या.

पट्ट्या काढा, यंत्र चालू करा आणि तारेच्या तुकड्याने लहान सॉकेटमधला एक संपर्क मोठ्या सॉकेटमधल्या एकेका संपर्काला टेकवून बघा. कळ दाबल्यावर आत हेच होतं, त्यामुळे भिण्यासारखं काही नाही. लहान सॉकेटच्या पाचही संपर्कांवर हे करा. कुठेतरी टीव्हीच्या पडद्यावर ‘प्रिंट’ (किंवा ओळीत आधी काही उमटलं असेल तर नुसता पी) उमटला, तर ती पी कळ, म्हणजे बोर्ड निर्दोष आणि पट्टीच तुटलेली. टोकाशी तुटली असेल आणि लांबी पुरत असेल तर दोन-तीन मिलिमीटर सरळ कापून पुन्हा बसवा. मधोमध तुटली असेल तर कळांखालचा नवा पडदा घ्या. सोल्डरिंग आयर्न जवळ नेऊ नका, प्लास्टिक वितळून जाईल.

रबरी चटई काढलीच आहे तर कोमट पाण्यात साबण घालून धुऊन घ्या. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलंत तर कळांवरची अक्षरं पुसट होतील आणि मग पीक कुठल्या कळेवर आहे हे पाठ करून ठेवावं लागेल. ओ वर आहे, दोन्ही शिफ्ट एकदम दाबून मग.