चिंगीची घरघर

प्रश्न : आमची पाळीव उंदरी चिंगी सव्वादोन वर्षांची आहे. पावसाळा लागल्यापासून छाती घरघरते, नाकाशी लाल डाग दिसतात. औषधाने आठवडाभर बरं वाटतं, की पुन्हा तेच. काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, आधी घाबरू नका. तो लाल डाग बहुधा रक्ताचा नाही. आजारपणात उंदरांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य जास्त पाझरतं. घरघरीमागे बहुतेकदा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू असतो. तो शरीरातून पुरता जात नाही, म्हणून दुखणं उलटतं. डॉक्सीसायक्लिन, बरोबर एन्रोफ्लॉक्सासिन, असा अँटिबायोटिक्सचा कोर्स कित्येक आठवडे चालतो. मात्रा डॉक्टरांनी वजनावरच ठरवायची. घरातली गोळी तोडून देऊ नका.

माझ्याकडे असाच एक म्हातारा उंदीर यायचा. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात बसवून त्याला नेब्युलायझरने सलाइनची वाफ द्यायचो. दहा मिनिटांनी स्वारी मिशा पुसत बसायची!

पिंजऱ्यातलं ओलं रोज काढा, मुताच्या अमोनियाने फुप्फुसं जळतात. पाइनचा भुसा नको, कागदाच्या पट्ट्या घाला. त्या खोलीत उदबत्ती, डासांची कॉइलही नको. तोंड उघडून श्वास घेऊ लागली तर मात्र रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा.