एकेक ओळ तपासताना मध्येच सिग्नल आला तर?

प्रश्न : लिनक्सवरील माझ्या सी प्रोग्रॅममध्ये सेटआयटायमर या टायमर लावणाऱ्या फंक्शनमुळे दर १० मिलिसेकंदांनी सिग-अलार्म हा सिग्नल (चालू काम मध्येच अडवणारा इशारा) येतो आणि त्याचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन) एक काउंटर वाढवतो. जीडीबी या डीबगरला (प्रोग्रॅम थांबवत-थांबवत तपासण्याच्या साधनाला) या सिग्नलवर थांबायला सांगितल्यापासून, फंक्शनच्या आत न शिरता पुढच्या ओळीवर नेणारी ‘नेक्स्ट’ ही आज्ञा दिली की एकतर सिग्नल आल्याचा संदेश दिसतो, नाहीतर मी थेट हँडलरमध्ये पोहोचते; मूळ कोड पुढे सरकतच नाही. हा डीबगरचा दोष समजावा का? – अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी

उत्तर : दोष म्हणता येणार नाही. तुमचा प्रोग्रॅम थांबलेला असला तरी प्रत्यक्ष वेळ मोजणारा टायमर थांबत नाही, त्यामुळे तुम्ही ओळ वाचून पुढची आज्ञा देईपर्यंत नवा सिग्नल दाराशी उभाच असतो. हँडलर संपताच, मूळ कोडची एकही यंत्रसूचना चालण्याआधी, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तो नवा सिग्नल पोहोचवू पाहतो आणि जीडीबी पुन्हा थांबते. सिग्नल आल्यावर प्रोग्रॅम थांबवून तसे दाखवले गेले असेल, तर त्यानंतरचे ‘स्टेप’ (फंक्शनच्या आतही नेणारी आज्ञा) किंवा ‘नेक्स्ट’ हँडलरमध्ये शिरते, हे जीडीबीचे ठरलेले वर्तन आहे. ‘नेक्स्ट’कडून ते अनपेक्षित वाटते खरे, पण ज्याने सिग्नलवर थांबायला सांगितले, त्याला हँडलर पाहायचा असणार, हा तर्क मला पटतो.

थांबण्याची सूचना नसेल, तर मात्र डीबगरने हँडलर पूर्ण वेगाने चालू द्यावा आणि पुढच्या ओळीवरच थांबावे. त्यासाठी जीडीबी, सिग्नल आला त्या क्षणी प्रोग्रॅम ज्या यंत्रसूचनेवर होता, तेथे तात्पुरता ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवणारी खूण) लावते, सिग्नल पोहोचवते आणि हँडलर परतल्यावर तो ब्रेकपॉइंट काढून उरलेली पावले टाकते. नुसता त्या यंत्रसूचनेचा मेमरीतील पत्ता जुळणे पुरेसे नसते, कारण हँडलरनेच तेच फंक्शन पुन्हा बोलावले असेल तर तोच पत्ता दुसऱ्या स्टॅक फ्रेममध्ये (फंक्शनच्या प्रत्येक बोलावण्याच्या स्वतंत्र नोंदीत) येतो. म्हणून फ्रेमही पडताळावी लागते. हँडलरमधून सिग-लाँगजंप (आधी नोंदवून ठेवलेल्या दुसऱ्या जागी थेट उडी) केल्यास नियंत्रण त्या जागी परत येतच नाही, आणि डीबगर लिहिणाऱ्यांची खरी कसोटी तेथे लागते.

सिग्नल परस्पर गिळून टाकणे हा सोपा वाटणारा मार्ग डीबगरने आपणहून कधीही घेऊ नये. तसे झाले तर तुमचा काउंटर वाढणार नाही आणि तुम्ही तपासत असलेला प्रोग्रॅम मूळचा राहणार नाही. सिग्नलची वाट पाहत थांबलेला प्रोग्रॅम तर तसाच अडकून पडेल.

तेव्हा ‘हँडल सिगअलार्म नोस्टॉप नोप्रिंट पास’ (थांबू नको, संदेश छापू नको, सिग्नल प्रोग्रॅमला दे) ही आज्ञा द्या. जीडीबीत या सिग्नलची मूळ मांडणी हीच असते. हँडलर पाहायचा असेल तेव्हा त्याच्या आत ब्रेकपॉइंट ठेवा. तेथे थांबल्यावर ‘बॅकट्रेस’ (कोणत्या फंक्शनमधून येथे आलो याची यादी) घेतल्यास हँडलर आणि मूळ फंक्शन यांच्यामध्ये ‘सिग्नल हँडलर कॉल्ड’ अशी ओळ दिसेल. तिच्या लगेच खालची फ्रेम म्हणजे सिग्नलने अडवलेली जागा.